बादलीभर पाणी

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी पेटी आहे. आता माझ्या फक्त काही तडकलेल्या फळ्या आणि एक वाकडी बिजागरी उरली आहे. पण गोष्ट सांगण्यापुरती मी अजून शिल्लक आहे.

एका जहाजावरच्या सुताराने मला आपल्या बायकोसाठी बनवले. शिवणाचे सामान ठेवायला तिच्याकडे काही नव्हते. दोरे, सुया, कात्री, बटणे, एवढेच माझे धन. ती त्याच्याबरोबर जहाजावरच असायची आणि मला तेलाच्या फडक्याने पुसायची. जहाज बुडू लागले तेव्हा एका व्यापाऱ्याने मला तिच्या हातातून हिसकावले, दोरे-बटणे फेकली आणि आपली चांदीची नाणी माझ्यात कोंबली. तो वाचला नाही. सुतार आणि त्याची बायकोही वाचली नाहीत. नाण्यांच्या वजनाने मी सरळ तळाशी गेले.

तिथे अंधार होता आणि गाळ होता. माझ्या लाकडात पाणी मुरत गेले. शेवटी शेवटी तर त्या पाण्यानेच मला धरून ठेवले होते.

पुढे कित्येक पिढ्यांनी एका पाणबुड्याचा हात मला लागला. त्याने मला वर काढले. नाणी सरकारी तिजोरीत गेली. मला कुठे ठेवायचे ते कुणालाच कळेना, म्हणून पाणबुड्याच्या घरामागच्या शेडमध्ये सिमेंटच्या टाकीत ठेवले. संग्रहालयाच्या बाई बजावून गेल्या, "हिला वाळू देऊ नका. रोज पाणी बदला. वाळली की संपली."

टाकी गळकी होती. पाणबुड्या बादल्या आणायचा आणि त्याची बायको ओतायची.

"माझ्या आंघोळीला कधी बादली उचलली नाहीत," ती म्हणायची. "हिचं नशीब बघा!"

"तू कुठे समुद्रात बुडाली होतीस?"

"तुमच्या संसारात बुडालेय, ते काय कमी आहे?"

दोघे हसायचे. माझे ते दिवस चांगले गेले.

मग भांडण सुरू झाले. शोधमोहिमेची कंपनी म्हणाली, खर्च आमचा, तेव्हा खजिना आमचा. सरकार म्हणाले, समुद्राचा तळ आमचा. व्यापाऱ्याचे वंशज म्हणाले, नाणी आमच्या पूर्वजांची आणि पेटीही त्यांचीच. पाणबुड्या म्हणाला, जीव मी धोक्यात घातला.

"अहो, बाईची पेटी आहे ही," बायको म्हणाली. "हा बारका कप्पा बघा. सुयांचा आहे."

"सुयांचं सोड. कंपनीची माणसं कुंपणापाशी घुटमळत होती. उचलून नेली म्हणजे?"

तो स्वतःच कोर्टात गेला आणि शेडला कुलूप लावायला सांगून आला. कोर्टाने 'जैसे थे'चा हुकूम दिला. निकाल लागेपर्यंत पेटीला कुणीही हात लावायचा नाही. अधिकारी आला आणि त्याने दाराला कुलूप लावून लाखेचा शिक्का मारला.

बायको भरलेली बादली घेऊन उभी होती. "साहेब, टाकी गळते हो. पाणी तरी घालू द्या."

"मला कळतंय, वहिनी. पण कुणीही म्हणजे कुणीही नाही. अर्ज तुमच्या यजमानांचाच आहे."

तिने नवऱ्याकडे पाहिले. तो कुलपाकडे पाहत राहिला.

त्याने पाण्यासाठी दुसरा अर्ज केला. हा आत जाऊन काहीतरी फेरफार करील, असे कंपनीच्या वकिलाने सांगितले. तारीख पडली, मग पुढची तारीख. टाकीतले पाणी खाली चालले. बायकोने एकदा दाराखालून पाणी सोडून पाहिले. ते जमिनीवरच पसरले. मग ती रोज दाराशी येऊन बसायची. "धीर धर गं," म्हणायची.

टाकी कोरडी पडली. एका दुपारी माझी पहिली फळी तडकली. तो आवाज तिने बाहेरून ऐकला. तिच्या हातातली बादली खाली पडली.

पुढे तिचे येणे कमी झाले. आली की खोकायची आणि उठताना दाराला धरायची. एका सकाळी अंगणात पुष्कळ पावले वाजली, कुणीतरी रडले. त्यानंतर दाराशी तिच्या जागी पाणबुड्या येऊन बसू लागला.

अखेर निकाल लागला. नाण्यांची वाटणी झाली. अधिकाऱ्याने शिक्का तोडला, दार उघडले आणि माझ्याकडे पाहून मान खाली घातली.

"हिच्यावर आता कुणाचाच दावा नाही," तो म्हणाला. "तुमचीच समजा."

"माझी नव्हतीच," पाणबुड्या म्हणाला. "आमची ही सांगत होती."

त्याने बादली भरून आणली आणि माझ्यावर ओतली. पाणी फटींतून खाली निघून गेले. त्याने पुन्हा भरून आणली.

मित्रांनो, वस्तू कुणाची हे ठरायला वेळ लागतो. लागू द्या. पण तोवर जो हात तिला पाणी घालतो, त्याला दाराबाहेर उभे करू नका. आणि तुमच्या घरात असा एखादा हात असेल, तर त्याची बादली आजच उचला.