गाई डोंगरावर, एल्क कुरणात

ऑरिन स्टॉकस्टाडला देवाने आवाज दिला होता तो गाई हाकायला, सभेत बोलायला नव्हे. पण हे त्याला सांगणार कोण? एप्रिलात जंगल खात्याने शाळेच्या हॉलमध्ये सभा बोलावली, तेव्हा तो टोपी मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसला होता, आणि त्याची पाळी यायच्या आधीच उठून उभा राहिला.

भांडण जुनंच होतं. बॅजर क्रीक गावाच्या वरचा अख्खा डोंगर सरकारी. त्यावर उन्हाळाभर ऑरिनच्या गाई चरतात, त्याच्या आजोबांच्याही चरत. शिकाऱ्यांचं म्हणणं एवढंच, की गाई सप्टेंबरच्या मध्यावर खाली न्या. ऑक्टोबरात एल्कच्या शिकारीचा हंगाम, आणि गाई हिंडत असतील तिथे एल्क थांबत नाही. सांबराहून दांडगं ते जनावर, पण शेजार त्याला निवडक लागतो.

"साफ खोटं!" ऑरिन गरजला. "गाई आणि एल्क एका ताटात जेवतात! तुम्हाला गाडीतून खाली उतरायचा कंटाळा, आणि खापर माझ्या गाईंवर?"

मागच्या रांगेतून क्लेम रेडिंगरने हात वर केला. क्लेम विजेच्या खांबांवर चढणारा वायरमन, ऑरिनचा शाळेपासूनचा दोस्त आणि तेव्हापासूनचाच वैरी. "हे जेवण तू शेवटचं कधी पाहिलंस रे?"

"कालच!"

काल ऑरिन दिवसभर दातांच्या डॉक्टरकडे होता. डॉक्टर तिसऱ्या रांगेत बसले होते. हॉलमध्ये खसखस पिकली. पण ऑरिनचा आवाज मोठा आणि जंगल खात्याच्या लुहान बाई नव्या. गाईंना ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत मुभा मिळाली. ऑरिन घरी आला तो लढाई मारल्यासारखा.

जूनमध्ये शिकारीच्या परवान्यांची सोडत निघाली. एल्कचा मोठा नर, हमरस्त्याच्या वरचा डोंगर, ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा: नाव ऑरिन स्टॉकस्टाड. मुलगी शाळेत होती तेव्हापासून तो अर्ज करत होता. आता तिची पोरं शाळेत जात होती. असा परवाना माणसाला आयुष्यात एकदा लागला तर लागतो. ऑरिन स्वयंपाकघरात नाचला, अक्षरशः नाचला, हातात झारा घेऊन.

बायको, डार्लीन, भांडी पुसत बघत होती. "आणि गाई?"

"कुठल्या गाई?"

"तुझ्या. एका ताटात जेवणाऱ्या."

ऑरिनने झारा खाली ठेवला. बोंबला! ज्या डोंगरावर त्याला शिकार करायची होती, त्याच डोंगरावर त्याने स्वतः भांडून, घसा बसवून, स्वतःच्याच गाई ठेवून घेतल्या होत्या.

"लवकर आण खाली," डार्लीन म्हणाली. "कोण अडवतंय?"

कोणी नाही. पण डोंगरावरून गाई आणायच्या म्हणजे गावातल्या एकुलत्या एक रस्त्याने, मार्जच्या हॉटेलसमोरून आणायच्या. खिडकीतल्या टेबलावर क्लेम बसलेला असणार. तो काही बोलणार नाही, नुसती टोपी काढून गाईंना सलाम करील. त्यापेक्षा मेलेलं बरं. ऑरिन हट्टाला पेटला. हट्ट म्हणजे मूर्खपणाच की, हे त्यालाही कळत होतं, पण बाहेरून बघणाऱ्याला तो जरा रुबाबदार दिसतो.

हंगामाच्या पहिल्या सकाळी त्याने पिकअप डोंगराच्या फाटकाशी लावली आणि दार हळूच ओढून घेतलं. तेवढ्यात झाडीतून हंबरडा आला. मग दुसरा. मग फांद्या मोडत, शेपट्या वर करून, निम्मा कळप धावत आला. हिवाळाभर याच गाडीतून तो त्यांना पेंड टाकत असे. इंजिनाचा आवाज गाईंच्या पोटात बसलेला. शिकारीला निघालेला माणूस पेंडीची गाडी घेऊन जातो! अशी अक्कल कुठल्या दुकानात मिळते, असं त्याने स्वतःलाच विचारलं.

दुसऱ्या दिवशी गाडी खाली ठेवून तो पायी गेला. गाईंनी त्याला वासावरून शोधून काढलं. तो थांबला की त्या थांबत, चालला की चालत. तो एका सूचिपर्णी झाडामागे लपला, तर सगळ्या गोल उभ्या राहून झाडाकडे बघत बसल्या.

"घरी जा गं बायांनो," तो कुजबुजला. "पाया पडतो."

आणि तरीही एके सकाळी नशीब उघडलं. ऑरिनने तोंडाला नळी लावून एल्कच्या मादीचा आवाज काढला, आणि वरच्या खिंडीतून उत्तर आलं, लांब, चिरत जाणारी शीळ. पुन्हा शीळ, आता जवळ. मग झाडांच्या मधे शिंगं दिसली, आणि शिंगांखाली तो. ऑरिनने बंदूक खांद्याला लावली. त्याच घटकेला त्याची सगळ्यांत म्हातारी गाय, जिला वासरू असताना त्याने बाटलीने दूध पाजलं होतं, पुढे आली आणि बंदुकीची नळी चाटायला लागली. तिच्यामागे बाकीच्या. नराने त्या सगळ्या लवाजम्याकडे एकदा पाहिलं आणि निघून गेला. तो नुसता खिंडीपलीकडे गेला नाही. त्याचा अख्खा कळप त्या डोंगरावरून गेला, कारण त्यानंतर ऑरिनला एल्कची लेंडीसुद्धा दिसली नाही.

मार्जच्या हॉटेलात लोक विचारत, "काय, मिळाला का?" ऑरिन म्हणे, "निवडतोय." निवडतोय! जसे काही एल्क त्याच्यापुढे रांग लावून उभे होते.

हंगामाचे दोनच दिवस उरले तेव्हा सकाळी दारावर टकटक झाली. दारात क्लेम, टोपी हातात. कुणाच्या जमिनीवर शिकार करायची तर असंच दारात येऊन विचारायचं असतं, मग तो शाळेपासूनचा वैरी का असेना.

"तुझ्या कुरणात पाहुणे आलेत," क्लेम म्हणाला. "बघितलेस?"

ऑरिनने पाहिलं. हिवाळ्यासाठी राखलेल्या कुरणात, हमरस्त्याच्या खालच्या अंगाला, गुडघाभर गवतात एल्कचा कळप आरामात चरत होता. मधोमध तो नर. गाई वर सरकारी गवत खात होत्या, आणि सरकारी एल्क खाली गाईंचं गवत खात होते. ऑरिनचा परवाना रस्त्याच्या वरचा. स्वतःच्या कुरणात, स्वतःच्या कुंपणाच्या आत, त्याला त्या नराला दगडसुद्धा मारता येत नव्हता. क्लेमचा परवाना मात्र रस्त्याच्या खालचा. चार पावलं आत जायचं आणि चाप ओढायचा, एवढंच काम होतं त्याला.

"तर मग, जाऊ का आत?" क्लेमने विचारलं.

ऑरिनला नाही म्हणता आलं असतं. त्याने क्लेमच्या हातातल्या टोपीकडे पाहिलं. मग म्हणाला, "क्लेम, तू बार काढलास तर हा कळप दोन गावं पलीकडे पळेल. आज गाई खाली आणल्या, या कुरणात सोडल्या, तर ते उठून रस्ता ओलांडतील. वर जातील. मला उद्याचा एक दिवस मिळेल."

"म्हणजे मी मारायचं नाही?"

"नाही. उलट गाई आणायला मदत करायची."

क्लेम हसायचा थांबेना. डोळे पुसून म्हणाला, "करतो. घोडेवाले चार जणही आणतो. पण आधी हॉटेलात येऊन ते वाक्य बोलायचं. उभं राहून."

"कुठलं वाक्य?"

"तुला माहीत आहे."

मार्जचं हॉटेल तेव्हा भरलेलं होतं. ऑरिन उभा राहिला. सभेत गाजलेला तो आवाज कुठे गेला कोण जाणे. "गाई असल्या की," तो पुटपुटला, "एल्क थांबत नाहीत."

"मोठ्याने, बाबा," क्लेम म्हणाला. "मागे डॉक्टर बसलेत."

ऑरिन ओरडला. टाळ्या पडल्या. मार्जने त्याच्यापुढे ॲपल-पायचा तुकडा ठेवला आणि पैसे घेतले नाहीत. हे जास्तच लागलं त्याला.

दिवसभर सहा घोड्यांनी डोंगर विंचरला. एका ओढ्यात वासरू उधळलं, ऑरिनने घोडा घातला, घोडा घसरला आणि ऑरिन गुडघ्यावर आदळला. कळ मस्तकात गेली. पण क्लेम बघत होता, म्हणून तो "काही नाही, काही नाही" म्हणत पुन्हा खोगिरावर चढला. उन्हं उतरताना गाई गावातून गेल्या. हॉटेलातले सगळे बाहेर आले होते. टोपी काढून सलाम मात्र कोणीच केला नाही.

गाई कुरणात शिरल्या. एल्कनी माना वर केल्या, म्हातारी गाय हंबरली, आणि एकेक करून त्यांनी कुंपण ओलांडलं, रस्ता ओलांडला. नर सर्वांत शेवटी. थेट वर, रिकाम्या डोंगरावर. ऑरिनने घोड्यावरून बघितलं आणि लहान पोरासारखा ओरडला, "उद्या!" मग तो घोड्यावरून उतरला आणि उभाच राहू शकला नाही. गुडघा भोपळ्याएवढा झाला होता.

सकाळी क्लेम त्याला घोड्यावर चढवायला आला. डार्लीनने एक बाजू धरली, क्लेमने दुसरी. ऑरिनने अशी किंकाळी फोडली की घोडाच दोन पावलं मागे सरला. दुसऱ्यांदा करून पाहिलं. मग दोघांनी त्याला उचलून खिडकीपाशी आरामखुर्चीत ठेवलं. गुडघ्यावर गोठवलेल्या मटारची पिशवी. गाडी जाई ती फाटकापर्यंतच, पुढे अशा गुडघ्याने घोड्याशिवाय वाट नव्हती, आणि त्याचा परवाना दुसऱ्या कोणाला चालत नव्हता.

डोंगरावरून शीळ आली. मग दुसऱ्या कड्यावरून उत्तर. मग तिसरं. इतक्या शिळा त्या डोंगरावरून ऑरिनने जन्मात ऐकल्या नव्हत्या. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्याने ते लपवलं नाही. "एवढी वर्षं वाट बघितली, क्लेम," तो म्हणाला. "आणि माझं नशीब मीच हाकलून दिलं."

क्लेमने खुर्ची ओढली आणि शेजारी बसला. त्याचाही हंगाम कालच बुडाला होता, पण ते तो बोलला नाही.

जरा वेळाने ऑरिनने फोन मागितला आणि जंगल खात्यात लावला.

"लुहान बाई, स्टॉकस्टाड बोलतोय. पुढच्या वर्षी माझ्या गाई सप्टेंबरच्या मध्यावर खाली येतील. दरवर्षीच येतील."

"मिस्टर स्टॉकस्टाड?" बाईंना विश्वासच बसेना. "एप्रिलात तर तुम्ही... बरं, कारण काय घालू?"

वर डोंगरावर शिळा चालूच होत्या. ऑरिनने खिडकी वर सरकवली आणि फोन धरलेला हात बाहेर काढला, डोंगराच्या दिशेने, जेवढा पुरेल तेवढा. हात दुखायला लागला तरी त्याने तो आत घेतला नाही.