पाट्यावरचे दोन मासे

सोजराबाईनं वाटलेली डाळ पाट्यावरून निपटून काढली आणि वरच्या कडेच्या नक्षीत अडकलेली बोटाच्या टोकानं उकरू लागली. एकामागं एक पोहणारे दोन मासे हळूहळू मोकळे झाले. पाट्याला ठोकलेली ही टाकी तिच्या वडिलांच्या, आबांच्या हातची. आबा जाऊन पाच वर्षं झाली, पाटा पार गुळगुळीत झाला, तरी दुसऱ्या कुणाची छिन्नी तिनं त्याला लागू दिली नव्हती.

ओसरीवर महाराज येऊन बसले होते. आज सर्वपित्री अमावस्या. समोर पाटावर तिचा लेक हरीश. आबांना मुलगा नव्हता, म्हणून पाणी द्यायचं ते नातवानं.

"माय, पान आण लौकर. महाराजाला अजून चार घरं हायेत, मला फाट्यावर गॅरेज उघडायचंय."

ती आली, पण रिकाम्या हातानं. उंबऱ्यात उभी राहिली.

"महाराज, नाव चुकलं तर पाणी पोचतं का?"

महाराजांनी तिळाची वाटी खाली ठेवली. "काहून? दरसाल दगडोबाच म्हणतो की आपण."

"ते गावानं ठिवलेलं नाव हाय."

खोटं नव्हतं ते. कुठल्याशा दुष्काळात तेलंगणातून बायको आणि कडेवरची सोजरा घेऊन आबा या साखरा गावात आले, तेव्हा त्यांचं नाव कुणाच्या जिभेवर बसेना. दगड ठोकतो म्हणून दगडोबा. त्यांनी त्याला ओ दिली आणि जन्मभर देत राहिले. उन्हात लोकांच्या अंगणात उकिडवं बसून पाट्या-जात्यांना टाकी लावली. एकदा कपची उडून डावा डोळा गेला, तर चौथ्या दिवशी डोळ्याला फडकं बांधून पुन्हा फेरीला निघाले. हरीशला शाळेत घातलं ते त्यांनीच.

मागल्या आठवड्यात शिरड शहापूरच्या बाजारात आबांच्या मूळ गावचा पोशेट्टी म्हातारा भेटला. दगडोबा म्हटल्यावर, असं कुणी ठाऊक नाही म्हणून त्यानं मान हलवली. त्या दुष्काळात गावातून टाकीचं काम करणारे दोघं लेकुरवाळे भाऊ निघाले होते, सायन्ना आणि मल्लय्या. एक वाटेतच पटकीनं गेला म्हणतात. कोणता, ते देवाला ठाऊक.

आबांनी भावाचं नाव कधी काढलं नव्हतं, आईनं नवऱ्याचं. त्या दिवसापासून सोजराबाईला घास गोड लागत नव्हता. सोमवारी नागनाथापुढं वात लावताना दोनदा काडी विझली, तेही तिच्या मनात घर करून बसलं होतं.

"रेशनकार्डावर दगडोबाच हाय," हरीश म्हणाला. "वर काय दुसरं कार्ड लागतं व्हय?"

महाराजांना हसू आलं, ते त्यांनी उपरण्यात दाबलं. "गोत्र ठाऊक नसलं तर आपण काश्यप म्हणतोच ना, बाई? तसं दोन्हीतलं एक नाव धरा. श्रद्धा पोचते."

"आन् नेमकं दुसऱ्याचं धरलं तर?" तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "पाच साल झाले, महाराज. माझा बाप तिकडं ओंजळ पुढं करून बसला असंल, आन् आमी भलत्यालाच हाका मारून राहिलो."

ती आपल्या बोटांकडं बघत राहिली. नखांत अजून डाळ होती.

लहानपणी ती आबांच्या मागं मागं फेरीला जायची. दुसरे टाकीवाले पाट्यावर एकच मासा काढायचे. आबांनी गावातल्या एकाही पाट्यावर एकटा मासा सोडला नव्हता. तिनं एकदा विचारलं, दोन काहून? आबांनी दगडाची भुकटी फुंकरीनं उडवली, मग बराच वेळ फुंकतच राहिले.

"एकट्याला करमत न्हाई, माय."

सोजराबाई आत गेली. बाहेर आली ती दोन पानं घेऊन. तिनं एका पानावर वडे वाढले, मग तेवढेच दुसऱ्यावर.

"दोघांचंबी नाव घे, हरीश."

"मग यातले आपले आबा कोणते?"

महाराजांनी दर्भाची आणखी एक काडी काढून हरीशच्या हातात दिली. त्यानं तांब्या उचलला आणि थांबला.

"आधी कोणाचं घिऊ?"

सोजराबाईनं खाली बसून दोन्ही पानं जवळ सरकवली, कडेला कड लागेपर्यंत.

"कोणाचंबी घे. ते घेतील वाटून."