पाच लाल टिंबं

यूनुसने नकाशावर बोट ठेवलं ते साफ चुकीच्या जागी.

"इथं," तो म्हणाला, आणि बोट जरा दाबून धरलं.

राजधानीतून, मालेहून आलेल्या सरकारी अधिकारी निशमाने तिथे लाल टिंब काढलं. बेटाच्या पूर्वेला समुद्र बुजवून नवी जमीन करायची होती आणि त्यासाठी लागणारी वाळू आसपासच्या उथळ पाण्यातून उपसायची होती. मासेमारी होड्यांचे प्रमुख असलेल्या तांडेलांच्या चाऱ्याच्या जागा तेवढ्या वगळा, असं वरून कळवण्यात आलं होतं. म्हणून पाचही तांडेलांना कचेरीत बोलावलं होतं.

चाऱ्याशिवाय कुपा मासा होडीत येत नाही. बोटाएवढी चंदेरी मासळी जिवंत धरायची, मुठीमुठीने पाण्यात उधळायची, मग कुपा खवळून वर येतो आणि गळाला लागतो. ही मासळी आपण कुठे धरतो हे तांडेल बायकोलाही सांगत नाही. मरताना थोरल्या मुलाला सांगतो, तेही मुलगा शहाणा निघाला तर. आणि अशा माणसांना एका खोलीत, एकमेकांच्या देखत, जागा दाखवायला सांगितलं होतं!

मग अदमने बोट ठेवलं. तिथे चाराच काय, खेकडाही फिरकत नाही हे यूनुसला ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी अदमने पहाटे होडीवरचा दिवा विझवून त्याचा पाठलाग केला होता आणि यूनुसने त्याला भलतीकडे फिरवून दमवलं होतं. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. पाठोपाठ शुजाउ आणि वाजिद यांनी आपापली टिंबं उमटवून घेतली. शेवटी म्हातारा हमदून उठला.

"नक्की ना, काका?" निशमाने विचारलं. "एकदा वाळू उपसायचं जहाज लागलं की मग बदल करणं अवघड आहे."

"पोटाचा प्रश्न आहे, पोरी. खोटं कशाला बोलू?" हमदून म्हणाला.

घरी बायकोने, शरीफाने विचारलं, "खरी जागा दाखवलीत ना?"

"अदमसमोर? वेड लागलंय का मला?"

"मग ती वाचायची कशी?"

"आमचं ठिकाण खडकाआड आहे. एवढं मोठं जहाज तिथं कशाला मरायला येतंय?"

"तुमची हुशारी तुमच्यापाशी," ती म्हणाली आणि नारळ किसायला बसली.

जमीन त्यालाही हवी होतीच. त्याची लेक मालेत तीन मुलांसह एका खोलीत दिवस काढत होती, आणि नव्या जमिनीवरच्या घरासाठी तिने अर्ज केला होता. पण होडीवर अकरा माणसांचं पोट होतं, आणि होडी त्या खडकाआडच्या डोहावर चालत होती.

तीन आठवड्यांनी जहाज आलं. पूर्वेचं पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढरं झालं. मग एका मंगळवारी दुपारी कचेरीच्या दारावर कागद लागला: उद्यापासून उपसा पश्चिमेला, खडकाच्या आतल्या बाजूने. यूनुसने तो दोनदा वाचला.

आत निशमासमोर अदम बसला होता. यूनुस दारातच थबकला. परत फिरावं असं त्याला फार वाटलं. मग तो पुढे झाला आणि नकाशावर, खडकाआड, बोट ठेवलं.

"पोरी, माझी जागा ही आहे. बावीस वर्षं. त्या दिवशी खोटं बोललो."

निशमाने अदमकडे पाहिलं. अदम नखाने टेबल खरवडत होता.

"हे काकाही आत्ता तीच जागा दाखवत होते," ती म्हणाली.

"तू?" यूनुस तीन वर्षांनी पहिल्यांदा अदमशी बोलला. "कधी जातोस तिथं?"

"दुपारच्या नमाजानंतर. तू?"

"पहाटे."

"तरीच मेल्या, मला दुपारी पुरेसा चारा मिळायचा नाही!"

निशमा कपाळाला हात लावून बसली. पाचही जणांनी लिहून दिलं तर जहाज थांबवता येईल का बघते, असं ती म्हणाली. बाकीच्या तिघांना बोलावणं गेलं. शुजाउने येऊन मुकाट्याने सही केली. वाजिदनेही. हमदूनने कागद न वाचताच पेन मागितलं.

"कुठली जागा ते बघा तरी, काका," निशमा म्हणाली.

"त्यात बघायचंय काय?" हमदून म्हणाला आणि त्याने नाव लिहिलं.

पाचही जणांची जागा एकच निघाली होती. खोलीत कोणी कोणाकडे बघेना. निशमाने जहाजावर फोन लावला. पलीकडचं ती बराच वेळ ऐकत राहिली, मग तिने फोन खाली ठेवला.

"पूर्वेचं काम लवकर आटपलं म्हणे. सकाळीच पाइप तिकडे नेला. चार तास झाले उपसा चालू आहे."

पाचही जण किनाऱ्यावर आले. खडकाआड पाणी दुधासारखं झालं होतं आणि त्यात जहाज संथपणे घरघरत होतं. हमदून वाळूत बसला. मग अदमने विचारलं, आणि बेटावर एका तांडेलाने दुसऱ्याला असं कधी विचारलं नव्हतं.

"यूनुस, उद्या चारा कुठं धरायचा रे?"

"मला दुसरी जागा ठाऊक नाही," यूनुस म्हणाला. "आईशप्पथ. एवढी एकच होती."

चौघांनी त्याच्याकडे पाहिलं. एकाचाही विश्वास बसला नाही.