सटवाईची पाचवी, परळच्या इस्पितळात

एस्तरबाई पाडळकर डॉक्टरीणबाईंनी परळला एका जुन्या बंगल्यात मिशनचं बाळंतपणाचं इस्पितळ काढलं, तेव्हापासून लालबागच्या रखमा सुईणीच्या घशाखाली घास उतरेना. अर्ध्या चाळीची पोरं तिच्या हातावर जन्मलेली. आता नळावर भलत्याच बाईचं कौतुक चालायचं.

"किती गोड बोलते गो," शेजारची कौसल्या म्हणाली. "हात धुतल्याशिवाय बाईला शिवत नाही."

"धुवो बापडी," रखमा म्हणाली. "पण दारावर क्रूस आहे. पाचवीला सटवाई तिथं यायची नाही. पोराचं कपाळ कोरंच राहील."

देवीच्या नावावर आपण खोटं खपवलं, हे तुळशीला पाणी घालताना तिला टोचलं. पण बाया बिचकल्या, इस्पितळातल्या खाटा रिकाम्या राहिल्या, आणि रखमाला पुन्हा जेवण गोड लागू लागलं.

मग संयुक्त महाराष्ट्राच्या हरताळात तिचीच लेक कमळ माहेरी बाळंतपणात अडली. मूल आडवं. रखमाचे सगळे उपाय थकले.

"आये, मला एस्तरबाईंकडं ने."

लेकीच्या तोंडी ते नाव रखमाला झोंबलं. तरी तिनंच हाका मारून मोर्च्याहून परतलेल्या पोरांना खाट उचलायला लावली. एस्तरबाईंनी पोट उघडून मूल काढलं. दोघं वाचली.

पाचवीला टाके ओले म्हणून कमळ तिथंच होती. रखमा सटवाई म्हणून पुजायचा वरवंटा पदराखाली घेऊन निघाली, तशी कौसल्या मागोमाग आली.

"बघू दे की मलाही, सटवाईला क्रूस आड येतो का."

एस्तरबाईंनी स्वतः खाटेपाशी पाट मांडला. "मला यातलं कळत नाही, रखमाबाई. दिवा कुठं ठेवू?" मग म्हणाल्या, "बायका म्हणतात, तुमची देवी इथं येत नाही. खरं का?"

कौसल्या टक लावून बघत होती. कमळही. हो म्हणावं, तर नातवाचं कपाळ कोरं. नाही म्हणावं, तर लालबाग हातचं गेलं.

रखमानं वरवंट्याला हळदकुंकू लावलं.

"येते," ती खाली मानेनं म्हणाली. "बाळंतीण जिथं, तिथं येते ती."

"मग आमच्या सुनेचं नाव आजच घालते हो, बाई," कौसल्या लगेच एस्तरबाईंकडं वळली.

रखमा नातवासाठी हात जोडून बसली. देवीला काय मागावं ते तिला ठाऊक होतं. पण शेजारी त्या दोघी सुनेचे महिने मोजत होत्या, आणि तिचे कान तिकडंच लागले होते.