कठडा नसलेला जिना

ताईने थर्मास पहिल्या पायरीवर ठेवला, इकडेतिकडे पाहिलं आणि खाली बसली. मग थर्मास एक पायरी खाली, मागोमाग ती. पुन्हा थर्मास, पुन्हा ती.

खाली पाण्याच्या काठाशी खुर्ची टाकून बसलेल्या तिच्या आर्किटेक्ट भावाने मान वळवून हे पाहिलं आणि चटकन पुन्हा तळ्याकडे तोंड केलं. लाजेने त्याचे कान तापले.

हे घर त्यानेच आखलेलं, तळ्यापर्यंत उतरणारा हा जिनाही. दगडी, रुंद, दोन्ही बाजूंनी मोकळा. मालकांनी म्हाताऱ्या आईसाठी कठडा मागितला होता. याने दोन तास डोकं खाऊन त्यांना गप्प केलं होतं. पाणी आणि माणूस यांच्यामध्ये काही येता कामा नये, म्हणे. त्याच मोकळ्या जिन्याला पुढे बक्षीस मिळालं. समारंभात सगळ्यांत जास्त टाळ्या ताईने वाजवल्या. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं, शिकवलं. तिला इथे आणून दोन दिवस नुसतं बसवायचं, हे तो चार वर्षं घोकत होता. मालकांनी किल्ली दिली तेव्हा कुठे जमलं.

आणि काल आल्यापासून ती स्वयंपाकघराच्या खिडकीपासून हलली नव्हती. तळं इथूनच छान दिसतं, म्हणाली. याला ते खरं वाटलं. तिच्या गुडघ्यांचं विचारावं, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही.

मागे थर्मास दगडावर टेकल्याचा आवाज येत राहिला, एकेका पायरीचा. तो बदकं बघत बसला.

"कसं निवांत आहे रे," ताई मागून म्हणाली. ती आता उभी होती, कपड्यांची धूळ झटकत. "तुझ्या घराला नाव ठेवायला जागा नाही."

थर्मासच्या दोन झाकणांत तिने चहा ओतला.

"ताई, त्यांनी इथे कठडा मागितला होता. मीच नको म्हटलं."

"असू दे. होतं असं कामात."

"उद्याच त्यांना फोन करतो. लावून घेतो."

"लाव की." तिने फुंकर घालून एक घोट घेतला. "पण मघाशी वळून बघितलंस ना, तेव्हा उठून यायचं होतंस."