अस्वलाशेजारची खुर्ची

टपालवाले आजोबा आज दोन पायांवर चालतात, याचं श्रेय डॉक्टरांना द्यायचं की एका निळ्या प्लॅस्टिकच्या टबाला, यावर घरात अजून एकमत नाही. आजोबा स्वतः टबाच्या बाजूने आहेत. आणि गंमत बघा, त्याच टबावरून त्यांनी एकदा घर डोक्यावर घेतलं होतं.

चौतीस वर्षं त्यांनी पायी टपाल वाटलं. निवृत्तीनंतर चर्चची देखरेख पत्करली. बाकं पुसायची, मेणबत्त्या लावायच्या, दाराबाहेरच्या फळ्यावर सूचनांचे कागद पिनांनी लावायचे. पवित्र गोष्टींत माणूस भलता कडक. आदर म्हणून बूट फळ्याखाली काढून ठेवायचे आणि आत मोज्यांवरच वावरायचे. साखरेचा आजार जुना, डॉक्टरांनी रोज तळवे तपासायला बजावलेलं. पण सुनेनं "पाय काय म्हणतायत, पप्पा?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "काही म्हणत नाहीत, म्हणजे ठणठणीत आहेत." आता अशा माणसाला कोण समजावणार?

गुड फ्रायडेच्या आठवड्यात एका संध्याकाळी ते घरी आले तर बैठकीत खुर्च्यांचं कडं मांडलेलं. एका खुर्चीवर आजोबांचा मुलगा, दुसरीवर शेजारच्या शिलाईवाल्या काकू, मग तीन बाहुल्या आणि एक कापडी अस्वल. गुरूला दगा देणारा यहूदा व्हायला कोणीच तयार होईना, म्हणून ती जागा मोडक्या छत्रीला मिळाली होती. मधे निळा टब, आणि टबापाशी कमरेला टॉवेल गुंडाळलेली आठ वर्षांची नात. एका जागी ठरत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत.

"हे काय चाललंय?"

"येशूनं शिष्यांचे पाय धुतले ना, ते," भिंगरी म्हणाली. "तुम्हाला अस्वलाशेजारी जागा ठेवलीय."

आजोबांचा पारा चढला. "अस्वल शिष्य? आणि हा टब? यात मी मोजे भिजवतो. वेदीसमोर करायची गोष्ट ही, तिचा असा पोरखेळ करायचा? सूनबाई, तू तरी अडवायचं होतंस."

सून हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात आली. "गोष्ट मीच सांगितली, पप्पा. चुकलं असेल तर माझं. पण त्यांनी तरी पाय देवळात कुठे धुतले? कुणाच्या तरी घरची माडी होती. सगळे जेवायला बसले होते."

समोरच्याचं बरोबर निघालं की माणूस दुप्पट चिडतो. "माझे पाय कोणी धुवायचे नाहीत. कधीच नाहीत."

"पेत्रपण असंच म्हणाला होता," भिंगरी शांतपणे म्हणाली. "मग तुम्ही पेत्र. बसा."

काकूंनी तोंडावर हात धरला. मुलगा छताकडे बघू लागला. 'मी तुला धुतलं नाही, तर तुझा माझ्याशी संबंध नाही,' असं येशूनं पेत्राला सुनावलं होतं, ते आजोबांना तोंडपाठ होतं, आणि तीच पंचाईत झाली. ते पुटपुटत अस्वलाशेजारी बसले.

डावा मोजा निघाला. उजवा तळव्याला चिकटला होता, तो पाण्यानं भिजवून सोडवावा लागला. भिंगरीनं पाय उचलून बघितला आणि ती थांबली.

"आजोबा, दुखतंय?"

"काय?"

"हे."

तिचं बोट तळव्यावर होतं, आणि त्यांना ते जाणवतच नव्हतं. टाचेपाशी एक भोक, भोवतीची कातडी काळीनिळी. आजोबा घाबरले. सून धावत आली, तिनं पाय कोरडा केला आणि नवऱ्याला गाडी आणायला पिटाळलं. निघताना तिनं आजोबांचा बूट उलटा केला, तर आतून फळ्यावरची पिन पडली. किती दिवस ते तिच्यावरून चालत होते, देव जाणे.

"आणखी चार दिवस गेले असते तर पाय माझ्या हातात राहिला नसता," डॉक्टर म्हणाले. "वेळेवर बघितलं कुणी?"

"नातीनं," आजोबा म्हणाले.

दीड महिना सुनेनं रोज पट्टी बदलली. 'मी सांगत नव्हते?' एवढं म्हणायचा तिला पुरेपूर हक्क होता. ती एकदाही म्हणाली नाही.

वर्षानं पुन्हा तो आठवडा आला. या वेळी खुर्च्या आजोबांनी मांडल्या, टब त्यांनी घासला, टॉवेलही स्वतःच्याच कमरेला बांधला. अस्वलाशेजारची खुर्ची दाखवून ते म्हणाले, "सूनबाई, बस."

तिनं पाय मागे घेतले. "नको पप्पा, तुम्ही माझ्या पायांना हात लावायचा? बरं दिसत नाही."

"पेत्रही असंच म्हणाला होता."

खुर्चीचा आधार घेत ते गुडघ्यांवर बसले. तिच्या टाचांना भेगा होत्या. उभं आयुष्य लोकांच्या दारात गेलं, आणि घरातले हे पाय कधी बघितले नाहीत, याची त्यांना लाज वाटली. ते सावकाश, बोटांमधून पाणी सोडत राहिले. "माझा पाय राहिला तो तुझ्यामुळे," ते म्हणाले. "त्या दिवशी बोललो ते चुकलं." सुनेनं नुसती मान हलवली, आणि डोळे पुसायला तिला टॉवेलाचंच टोक सापडलं.

"आजोबा, अस्वलाचे राहिले," भिंगरी म्हणाली.

त्यांनी अस्वलाचे धुतले, तिन्ही बाहुल्यांचे धुतले. मग मोडकी छत्री जवळ ओढून तिची दांडीही धुतली आणि कोरडी पुसली. त्या रात्री येशूनं यहूदालाही वगळलं नव्हतं, हे त्यांना पाठ होतं.