मासेलिनोनं सोडलेलं घर

बाबांनी पेनिआमिनाचं घर अर्ध्यात सोडलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आता एकसष्टी झाली, तरी नीरफणसाचं ओलं लाकूड तासताना येणारा वास आला की माझा जीव त्या दिवसांत जातो.

काय दिवस होते ते! सवाई बेटावरच्या आमच्या गावात घर उठायचं म्हणजे सहा महिने सगळ्यांच्या हाताला काम. म्हातारे मांडीवर काथ्याची दोरी वळत बसायचे. हातही चालू आणि तोंडही चालू. जेवढी दोरी, तेवढ्याच चहाड्या. अख्ख्या घरात खिळा म्हणून एक नाही. बाबा म्हणायचे, "खिळा हट्टी असतो, वादळात तुटतो. दोरी जरा सरकते आणि पुन्हा जागेवर येते."

पेनिआमिना तेव्हा गावचा तरुण मानकरी. त्याचं घर जवळजवळ पुरं झालं होतं, फक्त छपराच्या एका टोकाची गोल कमान बाकी होती. एक दिवस तो वर बघून म्हणाला, "मासेलिनो, कमान वाकडी चाललीय की काय? माझी डुकरीण तुझ्यापेक्षा सरळ चालते!"

सगळे खो खो हसले. बाबांनी लाकूड तासायचा वाकस खांद्यावर टाकला, आपल्या माणसांना खूण केली आणि घरी निघून आले. आमच्यात कारागीर असा रुसून गेला की त्या घराला दुसरा कारागीर हात लावत नाही. त्यामुळे पन्नास वर्षं पेनिआमिनाचं घर एका टोकाला उघडंच राहिलं. पावसात त्याची बायको तिथे माडाच्या झापा बांधायची आणि आमच्या घराकडे तोंड करून शिव्या घालायची.

बाबांनी पुढे वीसेक घरं बांधली, पण लोकांच्या तोंडी कायम ते एकच. मला त्याची फार लाज वाटायची.

गेल्या वर्षीच्या वादळात गावातले पत्रे पतंगासारखे उडाले. उघड्या टोकाचं ते घर मात्र करकरलं, डुललं आणि उभं राहिलं. पेनिआमिनाची नात इलिसापेटा ऑकलंडला शिकून वास्तुविशारद झालेली. ती आली आणि रोज शिडी लावून एकेक गाठ बघत बसायची. गावाची नवी घरं अशीच बांधायची, असं तिनं ठरवलं. आधी हे घर पुरं करायचं, म्हणजे पोरांना त्यावरच काम शिकवता येईल. पण एकही कारागीर तयार होईना.

शेवटी ती माझ्याकडे आली. "आत्या, मासेलिनोआजोबांना सांगा ना. त्यांनी फक्त हो म्हणायचंय."

"मी का सांगू? जीभ तुझ्या आजोबाची, मान त्यानंच वाकवावी."

"ते चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत हो."

"माझे शहाऐंशीचे आहेत. आणि त्यांना दहा पावलं चाललं तरी धाप लागते. घाई कर म्हणावं."

सोमवारी सकाळी दार उघडते तर पेनिआमिना आमच्या अंगणात, चिखलात मांडी घालून बसलेला. डोक्यावरून घरातली सगळ्यात जुनी, बारीक विणीची चटई पांघरलेली. दुखावलेल्या माणसानं चटई काढली की माफी मिळाली, तोवर बसून राहायचं. बाबांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि काथ्या वळायला घेतला.

एक तास गेला, दोन गेले. ऊन चढलं. मला त्या म्हाताऱ्याची कीव येत होती आणि बाबांचा संताप.

"बाबा, मरेल तो तिथे."

"पन्नास वर्षांत मेला नाही. आता काय मरतोय!"

"आणि तुम्ही गेल्यावर? ते घर कायमचं तसंच राहणार. तुमचं नाव निघालं की लोक तेच बोट दाखवणार!"

बाबांचे हात थांबले. त्यांनी काथ्या बाजूला ठेवला. मग म्हणाले, "सिनेवा, मला उठव."

माझ्या खांद्याला धरून ते अंगणात आले आणि त्यांनी चटई काढली.

"ऊठ, पेनिआमिना. कमान वाकडीच होती."

पेनिआमिनानं मान वर केली.

"तू बोलायच्या आधीच मला कळलं होतं," बाबा म्हणाले. "मापात मी चुकलो होतो. सगळ्यांच्या देखत उतरवून पुन्हा बांधावी लागली असती. तू चेष्टा केलीस आणि मला पळायला वाट मिळाली."

पेनिआमिनानं कपाळावरचा घाम पुसला. "माहितीय. तू गेल्यावर मी वर चढून मोजली होती. चार बोटं चुकली होती."

"मग गप्प का बसलास? बायकोलाही नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुला पुन्हा कुणी घर बांधायला दिलं असतं का? तुझी पाच पोरं होती, मासेलिनो."

त्या पाचांतली थोरली मी. मी पुढे होऊन त्याला चिखलातून उठवलं, आत नेलं आणि बाबांच्या शेजारी बसवून दोघांना वाढायला घेतलं. आमची पोटं भरली, कारण हा माणूस पन्नास पावसाळे भिजत गप्प राहिला होता.